यंत्राच्या आज्ञांस नांवें कशीं द्यावीं



गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांतील एक मुलगा एक जुनी वही घेऊन माझ्याकडे आला. वही त्याच्या दिवंगत मामांची होती. मामा पूर्वीं आखातांत नोकरीस होते, व तेथून परततांना त्यांनीं कमोडोर ६४ या नांवाचा एक लहानसा संगणक घरीं आणिला होता. यंत्र केव्हांच मोडीत निघालें. वही मात्र उरली. तिच्या एका पानावर ४९१५२ असा आंकडा घालून त्याखालीं पुढील तेवीस संख्या निळ्या शाईनें नीट मांडलेल्या होत्या :

१६२, ०, १८९, १४, १९२, २४०, ६, ३२, २१०, २५५, २३२, २०८, २४५, ९६, ७८, ६५, ७७, ६५, ८३, ८४, ६९, १३, ०

“सर, मामांनीं हें काय लिहून ठेविलें आहे? आईला ठाऊक नाहीं, आणि विचारावयास आतां मामा नाहींत,” असें तो म्हणाला.

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत आम्हीं सहा जणांनीं, म्हणजे पांच विद्यार्थी व मीं, शाळा सुटल्यावरचे पांच दिवस घालविले. त्या पांच दिवसांत जें शिकलों, तेंच येथें सांगण्याचा विचार आहे. पालकांनींही हा लेख वाचावा. त्यांत शाळेच्या गणितापलीकडचें कठिण असें कांहीं नाहीं.

१. यंत्रास काय समजतें

संगणकाची स्मृति म्हणजे ओळीनें लावलेल्या खणांचें एक अतिशय लांब कपाट आहे अशी कल्पना करावी. प्रत्येक खणावर त्याचा क्रमांक असतो. त्या क्रमांकास पत्ता म्हणतात. प्रत्येक खणांत ० पासून २५५ पर्यंतची एकच संख्या मावते. तिला बाइट म्हणतात. १९८२ सालीं निघालेल्या कमोडोर ६४ या यंत्रांत असे ६५,५३६ खण होते, व त्यांचे पत्ते ० पासून ६५,५३५ पर्यंत चालत. वहींतील ४९१५२ हा त्यांपैकींच एक पत्ता होय. पहिली संख्या त्या खणांत, दुसरी त्यापुढच्या खणांत, याप्रमाणें तेवीस संख्या तेवीस खणांत ठेवावयाच्या, असा त्या आंकड्याचा अर्थ.

त्या यंत्राचा प्रोसेसर, म्हणजे आज्ञा पाळणारा भाग, ६५१० या क्रमांकाचा होता. १९७५ सालीं अमेरिकेंतील मॉस टेक्नॉलॉजी या कारखान्यानें ६५०२ नांवाचा प्रोसेसर अवघ्या २५ डॉलरांस विकावयास काढिला. ६५१० हा त्याचाच धाकटा भाऊ. त्या स्वस्ताईमुळें संगणक घराघरांत शिरला. १९७७ चा ॲपल २ आणि १९८१ चा बीबीसी मायक्रो हीं यंत्रेंही याच कुळांतलीं. १९८४ सालीं आपल्या देशांतील निवडक शाळांत संगणकशिक्षणाची सरकारी योजना सुरू झाली, तेव्हां मुलांपुढें ठेविलेला संगणक बीबीसी मायक्रोच होता. त्या काळीं शाळेंत असलेल्या कांहीं पालकांस तो आठवतही असेल.

या प्रोसेसरास अक्षर समजत नाहीं, शब्द समजत नाहीं. संख्या तेवढी समजते. १६२ ही संख्या आज्ञेच्या जागीं आली, तर “पुढच्या खणांतील संख्या एक्स या कप्प्यांत ठेव” असा तिचा अर्थ. तीच संख्या इतरत्र आली, तर ती कोणाचे गुण असेल, एखादें चिन्ह असेल, किंवा केवळ एकशें बासष्ट असेल. संख्येच्या अंगीं स्वतःचा अर्थ नसतो. तो तिच्या स्थानावरून ठरतो. ही गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व अडचणी याच एका गोष्टींतून निघतात.

२. संख्यांवरून आज्ञांकडे

एका बाइटांत २५६ निरनिराळ्या संख्या मावतात. त्यांपैकीं १५१ संख्यांस ६५०२ च्या कर्त्यांनीं आज्ञा म्हणून अर्थ दिला. उरलेल्या १०५ मोकळ्या राहिल्या. त्या १५१ आज्ञा ५६ नांवांत बसविल्या आहेत, कारण एकच काम निरनिराळ्या रीतींनीं करण्यास निरनिराळ्या संख्या लागतात. हीं नांवें तीन तीन इंग्रजी अक्षरांचीं आहेत. एलडीए म्हणजे “ए या कप्प्यांत संख्या आण,” जेएसआर म्हणजे “अमुक पत्त्यावरचें काम करून परत ये,” आरटीएस म्हणजे “जेथून आलास तेथें परत जा.”

संख्यांऐवजीं अक्षरें योजावीं ही कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. १९४९ सालीं केंब्रिज विद्यापीठांत एडसॅक नांवाचें यंत्र चालू झालें, तेव्हां डेव्हिड व्हीलर यांनीं अशी सोय केली कीं माणसानें प्रत्येक आज्ञा एका अक्षरानें लिहावी आणि तिचें रूपांतर यंत्रानेंच करून घ्यावें. लंडन येथील बर्कबेक कॉलेजांत कॅथलीन बूथ या विदुषींनींही त्याच सुमारास या दिशेनें काम केलें. असें रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामास असेंब्लर म्हणतात. त्याच्या उलट, संख्या घेऊन आज्ञांचीं नांवें छापून देणारा प्रोग्राम तो डिसअसेंब्लर.

आम्हीं मात्र पहिल्या दिवशीं डिसअसेंब्लर वापरला नाहीं. पुस्तकांतील कोष्टक उघडून एकेक संख्या हातानेंच वाचली. फळ्यावर असें उतरलें :

४९१५२ : १६२, ० — एलडीएक्स #०
४९१५४ : १८९, १४, १९२ — एलडीए ४९१६६,एक्स
४९१५७ : २४०, ६ — बीईक्यू ४९१६५
४९१५९ : ३२, २१०, २५५ — जेएसआर ६५४९०
४९१६२ : २३२ — आयएनएक्स
४९१६३ : २०८, २४५ — बीएनई ४९१५४
४९१६५ : ९६ — आरटीएस

यांत दोन ठिकाणीं मुलें अडलीं. तीं दोन्हीं ठिकाणें समजून घेण्याजोगीं आहेत.

पहिलें असें. दुसऱ्या आज्ञेंत १४ आणि १९२ या दोन संख्या आहेत. त्यांचा ४९१६६ कसा झाला? एका खणांत २५५ हून मोठी संख्या मावत नाहीं, म्हणून पत्ता दोन खणांत विभागून लिहितात, आणि हा प्रोसेसर लहान भाग आधीं व मोठा भाग नंतर लिहितो. म्हणून १९२ गुणिले २५६ अधिक १४, बरोबर ४९१६६. “अंकानां वामतो गतिः” हें वचन तुम्हीं संस्कृताच्या तासास ऐकिलें असेल. शब्दांनीं संख्या सांगतांना आपले जुने ज्योतिषी एकंस्थानापासूनच आरंभ करीत. येथेंही तीच चाल आहे.

दुसरें असें. बीएनई या आज्ञेपुढें २४५ ही संख्या आहे. तिचा ४९१५४ कसा झाला? या जातीच्या आज्ञेंत पूर्ण पत्ता नसून “इतक्या खणांनीं पुढें किंवा मागें सरक” एवढेंच सांगितलेलें असतें. १२७ पर्यंतच्या संख्या पुढें नेतात. त्यांहून मोठ्या संख्येतून २५६ वजा करावे व तितके मागें जावें. २४५ वजा २५६ म्हणजे उणे ११. ही आज्ञा संपल्यावर पुढचा खण ४९१६५ हा येतो. त्यांतून ११ गेले म्हणजे राहिले ४९१५४. वरच्या बीईक्यू आज्ञेंतील ६ पुढें नेतो : ४९१५९ अधिक ६, म्हणजे ४९१६५.

३. कोठें तोडावें

तुमच्यापैकीं कोणाच्या घरीं मोडी लिपींतील जुने कागद असतील, तर ते एकदां पाहावे. वर एक सलग रेघ ओढलेली, आणि तिच्याखालीं अक्षरामागून अक्षर. दोन शब्दांमध्यें जागा सोडण्याची चाल मोडींत नव्हती. वाचणाऱ्यानें कोठें तोडावें हें त्याचें त्यानेंच ठरवावयाचें. एक अक्षर इकडचें तिकडे गेलें कीं अर्थाचा अनर्थ झालाच.

यंत्राच्या आज्ञांचेंही तसेंच आहे. कोणती आज्ञा एका खणाची, कोणती दोन खणांची, कोणती तीन खणांची. आणि मध्यें कोठेंही विरामचिन्ह नाहीं. समजा, आम्हीं ४९१५२ पासून आरंभ न करितां चुकून ४९१५५ पासून केला असता. मग १४, १९२, २४० या तीन संख्या मिळून “६१६३२ या पत्त्यावरील संख्या दुप्पट कर” अशी एक आज्ञा झाली असती, त्यापुढील ६ आणि ३२ यांची तसलीच दुसरी झाली असती, आणि २१० पाशीं कोष्टकांत कांहींच न सांपडून आम्हीं खुंटलों असतों. गंमत अशी कीं पहिल्या दोन आज्ञा व्याकरणानें अगदीं शुद्ध आहेत. शुद्ध दिसणें निराळें आणि खरें असणें निराळें.

याहून मोठा धोका पुढें होता. ४९१६५ येथें आरटीएस आल्यावरही नऊ संख्या उरतात. वर्गांतील एक उत्साही विद्यार्थी तसाच पुढें वाचीत गेला. ७८, ६५, ७७ यांची त्यास एक आज्ञा मिळाली : “१९७७७ या पत्त्यावरील संख्या अर्धी कर.” ६५, ८३ यांची दुसरी मिळाली. ८४ ला कोष्टकांत जागा रिकामी होती, ती त्यानें प्रश्नचिन्ह घालून सोडून दिली. ६९, १३ यांची आणखी एक मिळाली, आणि शेवटचें ० म्हणजे “थांब.” साधा डिसअसेंब्लरही नेमकें असेंच छापतो. तो वरून खालीं डोळे मिटून वाचीत जातो.

मीं विचारिलें, “या नऊ खणांपर्यंत प्रोसेसर पोंचतो तरी कसा?” मुलांनीं बोट ठेवून वाट काढून पाहिली. आरंभ ४९१५२ येथें. बीईक्यू ४९१६५ कडे पाठविते. बीएनई ४९१५४ कडे परतविते. ४९१६५ ला आरटीएस आहे, तेथून जो तो आल्या वाटेनें परत जातो. नऊ खणांत पाऊल टाकणारी वाटच नाहीं. मग ते कशास आहेत? दुसऱ्या आज्ञेकडे पाहा : “४९१६६ मध्यें एक्स मिळवून येणाऱ्या पत्त्यावरील संख्या आण.” ४९१६६ म्हणजे उरलेल्या नवांतील पहिलाच खण. म्हणजे त्या आज्ञा नव्हत. त्या आज्ञांनीं उचलावयाच्या वस्तु होत. अक्षरांच्या कोष्टकांत ६५ म्हणजे इंग्रजी वर्णमालेंतील पहिलें अक्षर ए. त्याप्रमाणें वाचतां ७८ एन, ६५ ए, ७७ एम, ६५ ए, ८३ एस, ८४ टी, ६९ ई. पुढचा १३ हा नवी ओळ सुरू करण्याचा संकेत, आणि शेवटीं ०.

तो मुलगा क्षणभर फळ्याकडे पाहत राहिला व म्हणाला, “नमस्ते.”

यावरून एक नियम घ्यावा. यंत्रसंख्या वाचतांना वरून खालीं वाचीत जाऊं नये; दारांतून आंत शिरावें व प्रोसेसर ज्या वाटेनें जाईल त्याच वाटेनें जावें. जेथें वाट पोंचते त्या आज्ञा. जेथें केवळ हात पोंचतो ती सामग्री.

४. नांवें देणें, आणि माझी चूक

येथवर काम झालें, तरी फळ्यावर अजून पत्त्यांची गर्दीच होती. ४९१५४, ४९१६५, ४९१६६, ६५४९० हे आंकडे यंत्रास पुरतात. माणसाची स्मृति त्यांवर टिकत नाहीं. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या पत्त्यास एक नांव द्यावयाचें. जेथें उडी येते त्या जागेस नांव, जेथें सामग्री आहे त्या जागेस नांव, आणि ज्या बाहेरच्या कामास आपण हांक मारितों त्यासही नांव.

पहिलीं तीन सोपीं होतीं. राहिला ६५४९०. हा पत्ता आपल्या तेवीस खणांत नाहीं. तो यंत्राच्या कायमच्या स्मृतींतील आहे. कमोडोरच्या कर्त्यांनीं पडद्यावर लिहिणें, कळफलक वाचणें इत्यादि नित्याचीं कामें तेथें तयार करून ठेविलीं होतीं, आणि स्मृतीच्या अगदीं शेवटीं त्या कामांच्या दारांची एक ओळ लाविली होती.

आतां माझी चूक सांगतों. कोष्टक न उघडतां, आठवणीच्या भरंवशावर मीं म्हणालों, “हें पडदा पुसण्याचें काम आहे.” फळ्यावर पडदा_पुसा असें नांव लिहिलें, व पांचही जणांनीं तें वहींत उतरून घेतलें. शिक्षकानें सांगितलें म्हणजे झालें! पुढचे दोन दिवस आम्ही त्या नांवाभोवतीं अर्थ जुळवीत बसलों. “आधीं पडदा पुसत असतील, मग अक्षर दिसत असेल,” अशा ओढूनताणून जुळविलेल्या गोष्टी आम्हीं रचिल्या. नांव एकदां कागदावर बसलें कीं तें सत्यासारखें दिसूं लागतें, आणि मग आपण पुराव्यास नांवाप्रमाणें वाकवितों.

चौथ्या दिवशीं एका मुलीनें हात वर केला. ती म्हणाली, “सर, ही आज्ञा फेऱ्याच्या आंत आहे. शून्य येईपर्यंत फेरा चालतो, म्हणजे आठ वेळां. पडदा एकदां पुसला म्हणजे पुरे. तो आठ वेळां कां पुसावा? आणि दर वेळीं पुसला, तर अक्षरें राहणार कशीं? शिवाय हांक मारण्यापूर्वीं ए कप्प्यांत एक अक्षर आणलेलें आहे; पुसण्यास अक्षर कशाला हवें?”

या तीन प्रश्नांस माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मीं पुस्तक उघडिलें. ६५४९० हें “ए कप्प्यांतील अक्षर बाहेर लिही” या कामाचें दार होतें. पडदा पुसण्याचें काम ५८६९२ येथें आहे. मीं सर्वांसमक्ष नांव खोडून खरें नांव लिहिलें. मुलीजवळ माझ्याहून अधिक माहिती नव्हती. तिनें एवढेंच केलें कीं नांवाकडे न पाहतां आज्ञांकडे पाहिलें.

तेव्हांपासून आमच्या मंडळींत असा नियम आहे : जोंवर पुरावा नाहीं, तोंवर जागेस केवळ “काम_६५४९०” असें रूक्ष नांव ठेवावें, संशय असेल तर नांवापुढें प्रश्नचिन्ह घालावें, आणि खात्री झाली म्हणजे मगच अर्थाचें नांव द्यावें. रूक्ष नांव वाचणाऱ्यास थांबवितें, परंतु खोटें नांव त्यास फसवितें.

५. वाचनीय रूप

सर्व नांवें बसल्यावर आमचा प्रोग्राम असा झाला :

अक्षर_लिही = ६५४९०

आरंभ : एलडीएक्स #०, पहिल्या अक्षरापासून
पुढचें_अक्षर : एलडीए मजकूर,एक्स
— बीईक्यू समाप्त. शून्य म्हणजे मजकूर संपला
— जेएसआर अक्षर_लिही
— आयएनएक्स
— बीएनई पुढचें_अक्षर. येथें उडी नेहमींच घेतली जाते
समाप्त : आरटीएस
मजकूर : “नमस्ते” (रोमन अक्षरांत), १३, ०

पहिल्या मांडणीशीं ही ताडून पाहा. एकही आज्ञा बदललेली नाहीं, तरी पहिली कोडें होती व ही जवळजवळ वाक्यें आहेत.

आज्ञांपुढें लिहिलेल्या टीपांविषयीं एक शब्द. “एक्समध्यें एक मिळव” अशी टीप आयएनएक्सपुढें लिहिणें व्यर्थ आहे. तें आज्ञाच सांगते. टीपेनें काय केलें हें सांगूं नये, कां केलें तें सांगावें. बीएनईचा शब्दशः अर्थ “मागील उत्तर शून्य नसल्यास उडी घे” असा आहे. परंतु एक्स एकेकानें वाढत असतां २५५ च्या पुढें जाऊनच तो शून्य होईल. लहान मजकुरांत तसें कधींच घडत नाहीं. म्हणजे लिहिणाऱ्यास विनाअट उडीच हवी होती. विनाअट उडीची आज्ञा तीन खणांची, ही दोन खणांची. मामांनीं एक खण वांचविला. मजकूर २५५ अक्षरांच्या आंत ठेवावा लागतो, एवढेंच त्याचें मोल. असा हेतु कोष्टकांत सांपडत नाहीं. तो विचारानेंच काढावा लागतो, आणि काढला कीं पुढच्या वाचकासाठीं लिहून ठेवावा लागतो.

नांवांचा उपयोग केवळ वाचनापुरता नाहीं. मुलांस वाटलें कीं “नमस्ते” येतांना पडद्याची कड काळी व्हावी. कडेच्या रंगाचा पत्ता ५३२८०, व काळ्या रंगाची संख्या ०. एक्समध्यें आरंभीं शून्य असतेंच. म्हणून पहिल्या आज्ञेनंतर “एसटीएक्स ५३२८०,” म्हणजे १४२, ३२, २०८ या तीन संख्या घातल्या कीं झालें. पण तीन खण वाढल्यानें मजकूर ४९१६६ वरून ४९१६९ वर सरकला. जो विद्यार्थी केवळ संख्यांत काम करील, त्यानें १४ चा १७ करावयास विसरलें, तर प्रोग्राम आज्ञांचेच शेवटचे तीन बाइट २०८, २४५, ९६ मजकूर समजून लिहील, व नमस्तेच्या आधीं तीन वेडींवांकडीं चिन्हें उमटतील. ज्यानें “मजकूर” असें नांव वापरिलें आहे, त्यास कांहींच करावें लागत नाहीं. नवा पत्ता असेंब्लर काढितो. तेवीस खणांत अशी एकच जागा होती. तेवीस हजार खणांत अशा किती असतील याचा विचार करा.

६. परीक्षा

आपलें वाचन बरोबर आहे हें कशावरून? याची उत्तम परीक्षा अशी : वाचनीय रूप पुन्हां असेंब्लरास द्यावें व त्यानें काढिलेल्या संख्या मूळ संख्यांशीं एकेक करून ताडाव्या. एकही बाइट निराळा आला, तर कोठें तरी चूक आहे. आम्हीं तसें केलें. तेवीसच्या तेवीस संख्या जुळल्या. मग आजच्या संगणकावर जुन्या कमोडोरचें सोंग घेणाऱ्या व्हाइस या प्रोग्रामांत त्या घालून चालवून पाहिल्या.

परंतु मित्रहो, या परीक्षेची मर्यादाही ओळखा. पडदा_पुसा हें माझें खोटें नांव फळ्यावर तसेंच राहिलें असतें, तरी संख्या तेवीसच्या तेवीस जुळल्याच असत्या! असेंब्लर नांवाच्या जागीं पत्ता घालतो; नांव खरें कीं खोटें हें तो पाहत नाहीं. यंत्र आज्ञांची चूक पकडील, अर्थाची पकडणार नाहीं. नांवाच्या खरेपणाची जबाबदारी सर्वस्वीं माणसावर आहे.

७. हें कशासाठीं शिकावें

कोणी म्हणेल, तेवीस जुन्या संख्यांसाठीं एवढा खटाटोप कशाला? त्याचें उत्तर असें कीं जगांतील कितीतरी प्रोग्राम आज केवळ संख्यारूपानें उरले आहेत; लिहिणारे गेले, त्यांच्या वह्या हरवल्या, आणि यंत्रें मात्र चालू आहेत. त्यांची दुरुस्ती करावयाची, तर हीच वाट आहे. दुष्ट हेतूनें लिहिलेले प्रोग्राम तर आपला मजकूर कधींच उघड करीत नाहींत. महायुद्धांत तज्ज्ञ शत्रूच्या गुप्त तारा उकलून वाचीत, तसें आज अभ्यासक हे प्रोग्राम उकलून वाचतात. मे २०१७ मध्यें वॉनाक्राय नांवाच्या प्रोग्रामानें इंग्लंडांतील रुग्णालयांसह अनेक देशांतील संगणक अडवून खंडणी मागितली. तो आरंभीं एका कोणीही न नोंदविलेल्या नांवाचा शोध घेतो व तेथून उत्तर आल्यास थांबतो, असें अभ्यासकांस आढळलें. एका तरुणानें तें नांव नोंदवितांच त्याचा फैलाव मंदावला. अशा कामास लागणारें घिड्रा नांवाचें साधन अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनें २०१९ सालीं सर्वांस विनामूल्य खुलें केलें. तें लाखों बाइट क्षणांत आज्ञांत उतरवितें. परंतु नांव देण्याच्या ठिकाणीं तेंही पत्त्यावरून एक रूक्ष नांव घालून माणसाची वाट पाहतें.

मात्र दुसऱ्याचें कुलूप उघडतां येतें म्हणून दुसऱ्याच्या घरांत शिरूं नये. जो प्रोग्राम आपला नाहीं, तो उकलण्यापूर्वीं परवानगी व कायदा पाहावा, आणि वडील माणसांस विचारावें.

पांचव्या दिवशीं सायंकाळीं तो मुलगा आपल्या आईस शाळेंत घेऊन आला. त्यानें स्वतः त्या तेवीस संख्या घातल्या, ४९१५२ हा पत्ता दिला, आणि निळ्या पडद्यावर एक शब्द उमटला. आई कांहीं बोलल्या नाहींत. मग त्यांनीं वही मागून घेतली व त्या पानावर बोट ठेवून विचारिलें, “यांतला न कोणता?” मुलानें ७८ दाखविला. पुढचीं अक्षरें त्यांनीं आपलीं आपण वाचलीं.

वही आतां त्यांच्या घरीं आहे. त्या पानासमोरच्या कोऱ्या पानावर मुलानें वर दिलेलें वाचनीय रूप सुवाच्य अक्षरांत लिहून ठेविलें आहे, आणि खालीं तारीख घातली आहे. यापुढें तें पान वाचावयास कोणास पांच दिवस लागणार नाहींत.